किंकाळीबाई

भर दुपारी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून बाईंनी जीव खाऊन किंकाळी फोडली. ओट्यावरचं झाकण थरथरलं. आवाज शाबूत होता!

मग त्या लगबगीने दारापाशी गेल्या. मजल्यावरची माणसं आता धावत येणार. “काही नाही हो, सराव करत होते,” हे वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं. एवढंच काय, चौघांपुरता चहाही टाकला होता. लोकांना फुकट घाबरवायचं, तर निदान चहा तरी द्यावा. बाहेर लिफ्ट थांबली. कुणीतरी फोनवर बोलत उतरलं, शेजारचं दार उघडलं आणि लागलं. चहा उकळून उकळून कडू झाला. बाई तो एकट्याच प्यायल्या. गळा बसला असता तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

एके काळी सगळे त्यांना किंकाळीबाई म्हणत. ओसाड बंगल्यातल्या भुतांचे सिनेमे तेव्हा धो-धो चालायचे. शहाणी माणसं चारचौघांत नाकं मुरडायची आणि गुपचूप तिकीट काढायची. पडद्यावर तोंड उघडायची नटी, गळा बाईंचा. पुढे ते सिनेमे बंद पडले, नवरा गेला, लेक लांब आपल्या संसारात गुरफटली. मोठ्याने बोलावं असं घरात कुणी उरलंच नाही. आणि परवा अचानक एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. त्याला तसलाच सिनेमा पुन्हा काढायचा होता. “गळा चालला तर तुम्हीच,” म्हणाला.

स्टुडिओत काचेपलीकडे दिग्दर्शक बसला होता आणि शेजारी ध्वनिमुद्रक, मोजकं बोलणारा एक जाडा गृहस्थ. माइकसमोर उभं राहून बाईंनी विचारलं, “किंकाळीनंतर कोण येतं?”

“म्हणजे?”

“अहो, आमच्या सिनेमात बाई किंचाळली की अख्खं घर कंदील घेऊन धावत सुटायचं. म्हातारा नोकर, डॉक्टर, झाडून सगळे! लोक त्यासाठीच तर यायचे. भूत काय, कसलंही चालायचं.”

दिग्दर्शक हसला. “आता कुणी येत नाही, आजी. तीच तर खरी भीती.”

“ते ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून किंचाळल्या.

तशी किंकाळी त्यांनी उभ्या आयुष्यात फोडली नव्हती. ध्वनिमुद्रक ताडकन उठला आणि दार ढकलून आत धावला. “मावशी! काय झालं? बरं नाही का वाटत?”

त्याने त्यांचा दंड धरला होता. बाईंना आधी हसू आलं, मग रडू आवरेना.

“अरे, रेकॉर्डिंग चालू आहे!” दिग्दर्शक करवादला. “वाटोळं केलंस. पुन्हा घ्या.”

बाईंनी पुन्हा घेतलं, पुन्हापुन्हा घेतलं. आवाज मोठा निघायचा, पण त्यात भीतीचा मागमूस नसायचा. काचेतून तो माणूस इतक्या काळजीने बघत होता की भीती वाटावी तरी कशी?

“जाऊ दे, पहिलीच ठेवू. झकास आहे,” दिग्दर्शक शेवटी म्हणाला. “फक्त किंकाळीनंतरची तुझी पावलं कापून टाक.”

काम मिळालं होतं. तरी बाई घुटमळल्या.

“कापायच्या आधी,” त्या ध्वनिमुद्रकाला म्हणाल्या, “एकदा ऐकवता?”

त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. बाईंनी किंकाळी संपू दिली. दार ढकलल्याचा आवाज आला, तसा त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी घट्ट दाबून धरला.