मधली खुर्ची

"बाई, तुम्हाला खरंच समोरच्याच्या मनातलं कळतं का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने शाळेच्या समुपदेशक बाईंना बेधडक विचारून टाकलं.

"छे गं," बाई हसल्या. "पण तू दर वेळी दोन रिकाम्या खुर्च्यांच्या मधेच बसतेस, एवढं दिसतं. का गं?"

ती हसायला गेली आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांकडे पाहू लागली. घरी आईबाबांचा अबोला सुरू झाल्यापासून जेवताना ती अशीच मधे बसून दोघांचे निरोप पोचवायची. तीच सवय इथेही आलीय, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी घरी ती जेवणाच्या टेबलाच्या टोकाला जाऊन बसली.

"बाबांना विचार, भात..." आईने सुरुवात केली.

"निरोप्याने राजीनामा दिलाय," ती लाडात म्हणाली. "आजपासून मी इथेच बसणार. तुम्ही दोघं जरा जवळ सरका."