मागचा हात

थोरल्याच्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीच्या मोसमात, एका सकाळी, सामानाने भरलेली हातगाडी चढणीच्या मध्यावर अडली. थोरल्याने दांडी छातीशी घेतली, पाय रोवले आणि दम खाल्ला. मागून धाकट्याचा आवाज आला.

"काय रे दादा, दमलास?"

"नाही. चप्पल सरकली."

चप्पल जागच्या जागी होती. थोरल्याने ती उगीचच नीट केली आणि पुन्हा जोर लावला.

समुद्र बघायला येणारी माणसं याच स्टेशनात उतरत. रूळ खाली, खडकाच्या कडेने गेलेले. मोटारींचा रस्ता वर. मधे ही दगडी चढण. उतारूंचं सामान वर न्यायचं आणि परत जाणाऱ्यांचं खाली आणायचं, एवढंच काम. त्याला हमाल दोन आणि बिल्लेही दोनच. थोरला पुढे दांडीला, धाकटा मागून रेटायला. बाप गेल्यापासून असंच चाललेलं. पुढच्याने मागे बघायचं नाही, हे बापाने दोघांना दटावून शिकवलं होतं. मान वळली की दांडी वळते, आणि दांडी वळली की गाडी कलंडते. थोरल्याने चढणीवर कधी मान वळवली नव्हती. मागे भाऊ होता, बघायचं काय?

पण लग्न उरकलं आणि गाडी जड होऊ लागली. आधी त्याला वाटलं, लग्नाची दगदग. मग वाटलं, यंदा लोक सामानच जास्त आणतात. मग त्याने चाकांना तेल घातलं, एक चाक काढून पुन्हा बसवलं. गाडी जडच. संध्याकाळी घरी बायको त्याचे खांदे चोळायची.

"वय झालं आता," ती म्हणायची. "तुम्ही म्हणजे स्वतःला अजून नवरदेव समजता."

"नवरदेव कसला. सासरा झालो."

"तेच म्हणते. भावोजी पाठीशी आहेत म्हणून निभतंय. नाहीतर मधेच बसला असता."

त्याच्या वाटीत ती आता दोन अंडी घालायची आणि स्वतःच्या वाटीत एकही नाही. ते त्याला दिसत होतं. तो मुकाट्याने खायचा.

फलाटाच्या टोकाला चहाचं दुकान होतं. चहावाली दोघा भावांना बैलजोडी म्हणायची.

"जोडीतला एक बैल बसायला लागला म्हणे," ती एकदा थोरल्याला म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणेल? घाम दिसतोय की. धाकट्याचा सदरा बघ, इस्त्रीचा वाटतो."

दुकानात सगळे हसले. थोरलाही हसला. धाकटा मात्र रागावल्यासारखा म्हणाला, "माझ्या दादाला काही बोलायचं नाही हं." थोरल्याला बरं वाटलं. त्याच बऱ्या वाटण्याच्या भरात त्याने पेला खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हा मोसम झाला की आपण बिल्ला उतरवणार. धाकट्याचा मेहुणा बरेच दिवस त्यांच्या घरी येऊन राहिला होता. अंगाने दणकट, पण हाताला काम नाही. बिल्ला त्याला मिळावा, असं आपण स्टेशनमास्तरांना सांगू.

"असं बोलू नकोस, दादा," धाकटा म्हणाला.

"का? घरातलाच आहे."

"तरीपण. लोक म्हणतील, भावाला घालवलं."

"लोकांना मी सांगेन ना."

धाकट्याने मग त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

चढण संपते तिथे त्या वर्षी पाहुण्यांना माहिती द्यायला एक काचेची खोली बांधली होती. ती अजून उघडायची होती. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून काचांना आतून काळा कागद लावला होता. चप्पल सरकल्याचं सांगितलं त्या सकाळी गाडी भरगच्च होती. उतारू नेहमीप्रमाणे समुद्राच्या घाईने पुढे निघून गेले. थोरल्याची मान एरवी खालीच असायची, पायाखालच्या दगडांवर. शेवटच्या टप्प्यात वाट तिरपी वळते, तिथे घाम डोळ्यांत उतरला म्हणून त्याने मान वर केली, आणि समोरच्या काचेत त्याला एक म्हातारा गाडी ओढताना दिसला. तो आपणच आहोत हे कळायला क्षणभर लागला.

मग त्याला गाडीच्या मागचा माणूस दिसला.

धाकट्याने मागचा गज दोन्ही हातांनी धरला होता. पण तो पुढे वाकलेला नव्हता. टाचा रोवून, अंग मागे टाकून, पळणारं वासरू दाव्याने धरावं तसा तो गाडीला मागे धरत होता. आणि तोंडाने, रोजच्यासारखं, दमल्या आवाजात म्हणत होता, "हं दादा... हं... आलंच."

थोरल्याने मान खाली घातली. गाडी वर नेली. सामान मोटारीत चढवलं. एक पेटी त्याच्या हातून निसटत होती, ती धाकट्याने चटकन सावरली.

"तू बस, दादा. मी करतो."

थोरला बसला नाही. तो आपल्या तळहातांकडे बघत उभा राहिला. दांडीचे वळ उमटले होते. ते त्याने सदऱ्याला पुसले, पुसून जाणार नव्हते तरी.

थोड्या वेळाने परतणाऱ्यांचं सामान आलं. गाडी पुन्हा भरली, आता खाली न्यायला. उतारावर काम उलटं असतं. पुढचा नुसती दिशा देतो. सगळा भार मागच्याच्या हातात. त्याने सोडलं तर गाडी पुढच्याच्या अंगावर जाते. धाकटा सवयीने मागे जायला निघाला.

"आज तू पुढे हो," थोरला म्हणाला.

"मी? का रे?"

"असंच. मागून कशी लागते बघू दे."

धाकट्याने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याची नजर थोरल्याच्या खांद्यावरून काचेवर गेली आणि तिथेच राहिली. काचेत दोघे भाऊ उभे होते, मधे गाडी. धाकटा वळला. जाऊन दांडीला उभा राहिला.

उतार सुरू झाला. दोन-चार पावलं गेली आणि धाकट्याने मागे वळून बघितलं. गाडी किंचित तिरपी झाली. थोरल्याने ती सरळ केली. पुन्हा धाकट्याने बघितलं. पुन्हा दांडी हलली आणि वरची एक पिशवी घरंगळून खाली पडली.

"मागे बघायचं नसतं," थोरला म्हणाला.

"दादा..."

"चल. धरलंय मी."

धाकट्याचे कान लाल झाले होते. फलाटापर्यंत तो मोजून-मापून पाऊल टाकत गेला, काळोखात चालल्यासारखा.

थोरल्याने बिल्ला उतरवला नाही. घरी बायकोला एवढंच म्हणाला, की अंडी निम्मी निम्मी वाढ. चहावालीने विचारलं तेव्हा म्हणाला, "बैल बसला नव्हता. जू बदललं." मेहुणा पुढे एका हॉटेलात भांडी घासायला लागला आणि तिथेच राहायला गेला.

त्या दिवसापासून धाकटा पुढे आणि थोरला मागे. दोघांत त्या गोष्टीवर कधी बोलणं झालं नाही, आणि दुसऱ्या गोष्टींवरही फारसं राहिलं नाही. चढणीवर थोरला छाती लावून रेटायचा. गाडी इतकी हलकी यायची की धाकट्याला नुसती दांडी धरून चालावं लागे. त्यानेच तो दमायचा. वर पोचला की त्याला पाणी लागायचं.

असे बरेच मोसम गेले. लेकीचा मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी, मोसम संपल्यावर, एका मंगळवारी दुपारी थोरला वारला.