तांबड्या थरातलं मशीन

आर्वीपलीकडे डोंगराच्या पोटातून पाण्याचा बोगदा चालला होता. तो खोदणारं मशीन नाचणगावचा मुकेश चालवायचा. मशीनच्या तोंडाशी दोन पुरुष उंचीचं पोलादी चाक होतं आणि त्यावर दगड फोडणारे कटर. काळ्या दगडात ते रडतखडत जायचं, कटर झिजून बोथट व्हायचे. पण तो दगड निदान जागच्या जागी उभा राहायचा.

त्या सकाळी मशीन एकाएकी पळायला लागलं. मुकेशला बरंच वाटलं. कितीतरी दिवसांनी साहेब लोकांचा फोन शिव्या न देता आला होता. बोगद्यातला दगड तपासणारी सुरभी मात्र फोडलेला दगड बाहेर नेणाऱ्या पट्ट्यावरचा चुरा हातात घेऊन धावत आली. चुरा विटेसारखा तांबडा होता, बोटांनी दाबला की पीठ होत होतं.

"मुकेशभाऊ, थांबवा. दोन काळ्या थरांमधली माती लागली आहे. ही उभी राहत नाही."

मुकेशनं कळ दाबली, पण तोवर समोरचं सगळं ढासळून चाक जाम झालं होतं.

वीज तोडून लखन चाकामागच्या अरुंद पोकळीत शिरला. कारंज्याकडच्या गोंड वस्तीतला हा माणूस अडकलेले धोंडे काढण्यात तरबेज होता. चाकाच्या फटीतून हात घालून तो एक धोंडा हलवत असतानाच पुढची माती पुन्हा घसरली. धोंडा सरकला आणि त्याचा उजवा हात पोलादाच्या कडेवर चेचला गेला.

मुकेश सरपटत त्याच्यापाशी पोचला. पहारीनं धोंडा हलेना. वरून मातीची बारीक धार लखनच्या खांद्यावर पडत होती.

"भाऊ, मशीन मांगं घे ना," लखन म्हणाला. "वीतभर घे. हात निंघते."

मुकेश लगेच मागे फिरला. सुरभीनं त्याला वाटेतच अडवलं.

"ते चाकच समोरची माती धरून आहे. मागे घेतलंत तर सगळं त्याच्या अंगावर येईल."

"अन् नाई आलं तर? हात वाचते त्याचा!"

"आलं तर तो मरेल."

ती बाजूला झाली नाही. मुकेशनं वीज जोडली नाही.

डॉक्टर येईपर्यंत तो लखनचं डोकं मांडीवर घेऊन बसला. "काऊन थांबला भाऊ?" लखन विचारत राहिला. मग तो गोंडीत बोलायला लागला. मुकेशला त्यातलं फक्त जिजाचं, त्याच्या बायकोचं, नाव कळत होतं. डॉक्टरांनी त्या पोकळीतच कोपरापासून हात कापून काढला.

नंतर समोरच्या मातीत सिमेंटचं पाणी भरलं, दोन दिवस ते मुरून घट्ट होऊ दिलं आणि मुकेशला मशीन मागे घ्यायला सांगितलं. वीतभर घेतलं, मग हातभर. माती पडली नाही.

"सिमेंटमुळे टिकली," सुरभी म्हणाली.

"असंन," मुकेश म्हणाला.

लखन दवाखान्यातून घरी आल्यावर मुकेश वस्तीवर गेला. जिजानं खाट टाकली, पाणी दिलं. लखनची अर्धी बाही गाठ मारून वर बांधलेली होती.

"मशीन निंघालं का?" त्यानं विचारलं.

"निंघालं."

"मांगं घेतलं?"

"हो."

"मंग माती पडली का?"

वाटभर मुकेशनं ठरवलं होतं, पडली म्हणून सांगायचं. त्याच्या तोंडून मात्र ते निघेना.

"नाई पडली. पण आधी सिमेंट भरलं होतं, लखन. तवा भरलं नोतं."

कूस बदलून लखननं तोंड कुडाच्या भिंतीकडे केलं. जिजा दारात उभी होती. तिनं मुकेशपुढचा रिकामा गिलास उचलला.

"या आता, भाऊ," ती म्हणाली.