रिकाम्या वस्तूंचं खोकं

आमच्या घरात बुटांचं एक जुनं खोकं आहे. टूथपेस्टची टोपणं, पुठ्ठ्याच्या नळ्या, अंड्यांचा ट्रे, जोडीदार हरवलेले मोजे, गोळ्यांच्या संपलेल्या स्ट्रिप, असं काय काय त्यात पडतं. सासरे त्याला भंगारवाल्याची गादी म्हणतात. गादीवर बसते माझी सहा वर्षांची लेक. कंबरेवर हात ठेवून हुकूम सोडत घरभर हिंडते, म्हणून ठमाबाई.

खोक्याचे नियम माझे. पत्रा नाही, काच नाही. कात्री बोथट. चिकटवायला घरची मैद्याची खळ, कारण गोंदाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी एकदा वाचली आणि बाटली दुकानात परत देऊन आले. आणि सगळ्यात मोठा नियम: वस्तू रिकामी असेल तरच खोक्यात. हा ठमाबाईला पाढ्यासारखा पाठ.

त्या दिवशी मासा चालला होता. हातभर लांब, पुठ्ठ्याचा. स्ट्रिपचे तुकडे मीच कापून दिले होते, बोचू नयेत म्हणून कोपरे गोल करून. ती ते खवले म्हणून लावत होती. दहा महिन्यांचं बाळ सतरंजीवर लोळत होतं, सासरे पेपरामागे होते. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. दोन बादल्या, फार तर वीस मिनिटं. आत आले तेव्हा मासा दिसला नाही. "बाबा ऑफिसातून आल्यावरच दाखवणार," असं ऐकवण्यात आलं.

जेवणं झाली. बाळ आतल्या खोलीत आपलं आपणच झोपून गेलं. मी ताटं उचलत होते.

"सूनबाई, माझी गोळ्यांची स्ट्रिप कुठे ठेवलीस?"

"मी हातही लावला नाही, बाबा. उशाशी बघा ना."

"बघितलं. सकाळीच नवी फोडली. ब्लडप्रेशरची. माझं डोकं गेलंय असं म्हणू नकोस हं!"

ते हसले. मी हसले नाही. मला माशाच्या खवल्यांची चमचम आठवली.

"ठमे, इकडे ये."

"मी काही नाही केलं," ती म्हणाली. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं.

"आजोबांची स्ट्रिप तू घेतलीस?"

"शेपटीला. खवले संपले होते."

"पण ती भरलेली होती ना?"

"मग मी रिकामी केली." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की यात विचारण्यासारखं काय आहे. "रिकामी असेल तरच घ्यायची, तूच म्हणतेस."

"आणि गोळ्या?"

"वाया नाही घालवल्या. डबीत भरल्या आणि टेप लावली. बाळाला खुळखुळा केला."

मी आतल्या खोलीत धावले. ताटं हातातून सुटली की मी ठेवली, आठवत नाही.

बाळ गादीवर उताणं झोपलं होतं. तोंड अर्धं उघडं, हनुवटीवर लाळ. डबी कुशीत, झाकण वेगळं. भिजलेली टेप त्याच्या मुठीला चिकटलेली. चादरीच्या चुण्यांत बारीक गुलाबी गोळ्या. मी त्याच्या तोंडात बोट फिरवलं. काही नव्हतं. गोळ्या वेचल्या. सात. उशीखाली आठवी.

"बाबा, स्ट्रिपमध्ये किती असतात?"

"दहा."

"सकाळी किती घेतल्या?"

"एक." ते दारात काठीवर रेलून उभे होते. "एकच घेतली. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय, बाबा?"

"अगं, चहाबरोबर घेतली. मग फोन आला..." त्यांचा आवाज चिरका झाला. "एकच. एकच गं."

म्हणजे एक कमी. मी चादर झटकली, गादी उलटी केली, बाळाचा लंगोटही सोडला. त्यानं कुरकुर केली आणि पुन्हा डोळे मिटले. ही त्याची झोपेची वेळ नाही. एरवी अंगाई म्हणून माझा घसा बसतो तेव्हा साहेब डोळे मिटतात.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"उठवा त्याला. काही भरवू नका, उलटी काढायला जाऊ नका. शोधत बसू नका, लगेच निघा. आणि स्ट्रिप बरोबर आणा, औषधाचं नाव कळलं पाहिजे."

"ठमे, सगळ्या गोळ्या डबीत टाकल्या होत्यास?"

"हो."

"सगळ्या? आठव."

"सगळ्या गं!" ती रडायला लागली. "तू ओरडू नकोस ना."

"मासा आण. पळ."

बाळाला खांद्यावर टाकलं. मान लटकली, मग त्यानं डोकं उचललं. मी एक पाय चपलेत सरकवला. सासरे कधी नव्हे ते देवाचं नाव घेत रिक्षाला फोन करत होते. ठमाबाईनं कपाटामागून मासा ओढून आणला, पाठमोरा. मी शेपटी धरून फाडणार, म्हणून तो उलटा केला.

माशानं माझ्याकडे बघितलं. डोळा गुलाबी होता.

खळीच्या पांढऱ्या थेंबात नववी गोळी, अख्खी, चिकटलेली.

"ही काय आहे?"

"डोळा," ती हुंदके देत म्हणाली.

"मी गोळ्या विचारल्या होत्या ना!"

"ती गोळी नाहीये आता. डोळा आहे."

मी दाराला टेकून खाली बसले. सासरे हातातल्या फोनकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी एकच घेतली होती. बघ, म्हटलं नव्हतं?" आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं चक्क डोळे पुसले.

तरी आम्ही गेलो. आठ गोळ्या, नववा डोळा आणि शेपूट पिशवीत घालून. कुठली चघळलेली असली तर? डॉक्टरीणबाईंनी एकेक उजेडात धरली, बाळाला तपासलं, तीन तास तिथेच बसवून घेतलं. बाळ त्यांच्या गळ्यातल्या नळीला लोंबकळून भोकाड पसरत होतं. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सासऱ्यांची औषधं वरच्या कपाटात गेली, कुलपात. खोक्यात आता फक्त मी हातानं दिलेली वस्तू पडेल, असं ठरलं. ठमाबाईनं मान हलवली. पण मासा पुढ्यात घेऊन ती बसूनच राहिली.

"आई, याला आता डोळाच नाही."

"आण इकडे. डोळा काढायचा, चिकटवायचा नाही."

मी पेन घेतलं. गोल वाकडा आला, मोठाच्या मोठा, बुबुळ मधोमध.

तिनं मान तिरकी करून बघितलं. "हा तर घाबरलाय."

"घाबरू दे," मी म्हटलं, आणि तिला मांडीत ओढून घेतलं.