आनंदी जंतूंचा फुगा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पाण्याने भरलेल्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीच्या तोंडाला एकेक फुगा आणि मागे सोनेरी चष्म्यातले आतडेगुरू.

"दुःख डोक्यात नसतं, पोटात असतं!" गुरूंनी स्वतःच्या भरघोस पोटावर थाप मारली. "पोटातले जंतू रुसले की माणूस रुसतो. माझं चूर्ण खा, जंतू हसतील. थुंका बाटलीत अन् बघा!"

लोक रांगेने थुंकत होते. नवख्यांचे फुगे माना टाकून पडत. महिनाभर चूर्ण खाल्लेल्यांचे मात्र अर्ध्या तासात टम्म फुगत, आणि टाळ्यांचा कडकडाट होई.

बेकरीवाल्या ताईने टाळी वाजवली नाही. तिच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता, शिंपीकाम करणारा. चूर्ण सुरू केल्यापासून त्याने नैराश्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आज त्याचा फुगा सगळ्यांत मोठा झाला होता, पण पंधरा दिवस तो धड जेवला नव्हता की मशीनवर बसला नव्हता. ताईच्या जिवाला घोर लागला होता.

ती तरातरा मंचावर गेली. "माझेही जंतू तपासा." बाटली हातात घेतली तर गारठलेली. आत वासही ओळखीचा, वीस वर्षं तिच्या हातांना येणारा. तिने जोरात थुंकल्याचा आवाज काढला.

अर्ध्या तासाने फुगा ढिम्म. "अरेरे! बाईंचे जंतू लहानपणापासून दुःखी," गुरू कळवळले. "दुप्पट चूर्ण लागेल."

"पण मी थुंकलेच नाही. मग दुःखी कोण आहे, तुमचं पाणी?"

सभागृहात खसखस पिकली. "संशयानेही जंतू रुसतात!" गुरू गरजले.

"रुसू देत. मी समजूत काढते." चहाच्या टेबलावरून तिने पातेलंभर कोमट पाणी मागवलं आणि बाटली त्यात ठेवली. "यात साखर आणि यीस्ट आहे. ऊब मिळाली की यीस्ट साखर खातं, वायू सोडतं. माझा पाव तसाच फुगतो. गारठ्यात ते गप्प बसतं. जुन्या गिऱ्हाइकांना कोमट बाटली, नव्यांना बर्फातली. या, हात लावून बघा!"

पुढच्या रांगा उठून आल्या. लोक बाटल्या चाचपत राहिले आणि अर्ध्या तासात ताईचा फुगाही उभा राहिला. गुरूंना तेवढ्यात तातडीचा फोन आला, आणि ते मागच्या दाराने जे गेले ते गेलेच.

भाऊ हसला नाही. बाहेर पायरीवर बसून म्हणाला, "ताई, गेल्या खेपेलाही माझा फुगा फुगला होता. वाटलं, जंतू बरे झाले, मीच होत नाही. म्हणजे खोट माझ्यातच. जगून काय करायचं, असंही मनात आलं."

ताईला रडू कोसळलं. "वेड्या, हे मला आधी नाही का सांगायचं?" डोळे पुसून तिने त्याला तसंच त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "पोटातल्या जंतूंचा मनाशी संबंध दिसतो, अभ्यास चालू आहे. पण नैराश्य थुंकीवरून कळत नाही आणि चूर्णाने जात नाही. गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करू, मला विचारल्याशिवाय थांबवू नकोस. आणि तसला विचार पुन्हा आला तर त्याच क्षणी ताईला नाहीतर मला सांग."

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर टाळीआधी प्रश्न विचारा. प्रश्नाने गुरू रुसला तर खुशाल रुसू दे, आपला माणूस जगला पाहिजे.