सपाटीचे दाते, घाटाची वाट

मी एक जुनी निळी सायकल आहे, मित्रांनो, आणि मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यातून आले तेव्हा मी नुसता सांगाडा होते. सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांनी मला आपल्या भाचीसाठी जुळवलं. भाची परिचारिका होती आणि तिला वेगाचं वेड होतं. म्हणून पुढे बावन्न दात्यांची मोठी चकती, मागे सगळ्या लहान लहान. सपाट रस्त्यावर मी सुसाट सुटत असे. आम्ही दोन शर्यती जिंकल्या. चार वर्षं मी तोऱ्यात काढली.

मग तिची बदली घाटातल्या दवाखान्यात झाली.

निघताना मामा म्हणाले, "अगं, हे दाते सपाटीचे. चढाला पुढची चकती लहान हवी, मागची मोठी. वेग जाईल, पण पाय हलका पडेल."

"गोगलगायीसारखं कोण फिरणार, मामा? माझ्या पायांत ताकद आहे."

"घाटाला ताकद दाखवू नकोस."

ती हसली. मला मात्र धडकी भरली.

पहिल्याच आठवड्यात वरच्या वस्तीतून निरोप आला. एका म्हातारबांना दम लागला होता आणि औषध लगेच हवं होतं. दवाखान्याची जीप बंद पडलेली. तिने औषधाची पिशवी पाठीला बांधली आणि आम्ही निघालो.

चार वळणं तिने उभं राहून रेटली. पाचवं वळण भिंतीसारखं समोर आलं. तिने गियरचा खटका दाबला, पुन्हा दाबला. त्याहून हलका गियर माझ्याकडे नव्हताच! साखळी करकरू लागली. एक कडी उघडतेय की काय, या भीतीने माझा थरकाप झाला. आणि पायडल जागीच थांबलं.

मी मागे घसरू लागले. तिने ब्रेक दाबले, तरी खडीवरून चाकं सरकतच होती. मागे कठडा नव्हता, दरी होती. शर्यतीत घालतात तसे तिचे बूट पायडलला खटक्याने अडकवलेले. तेवढ्यात वरून ट्रकचा भोंगा वाजला.

"सुट रे, सुट!" ती बुटावर ओरडली. पाय सुटला आणि ती रस्त्याच्या कडेला आदळली. माझं मागचं चाक दरीवर लोंबकळलं. ट्रक वीतभर अंतरावरून गेला. तिने दोन्ही हातांनी माझं हँडल धरून ठेवलं होतं.

पुढचा चढ तिने मला ढकलत पार केला. दारात म्हातारबांची सून उभी होती. "सिस्टर, किती उशीर हो! ओठ निळे पडलेत त्यांचे."

औषध दिलं. बऱ्याच वेळाने म्हातारबांची धाप कमी झाली. मग ती पायरीवर बसली आणि मामांना फोन लावला.

"मामा, चकत्या बदला."

"लागलं का तुला?"

"लागलं. चकत्या बदला."

मामांनी पुढे लहान चकती बसवली, मागे ताटलीएवढी मोठी, आणि साखळी लांब केली. त्यानंतर सपाटीवर पाववालासुद्धा आम्हाला मागे टाकून जाई. पण वरच्या वस्तीत औषध वेळेवर पोहोचू लागलं.

आता मी दवाखान्याच्या भिंतीला टेकून गंजतेय. मित्रांनो, सायकल घेताना आधी तुमचा रस्ता पाहा, मग दाते निवडा. आम्हाला "नको, मला भीती वाटते" असं म्हणता येत नाही. तुम्ही न्याल तिथे आम्ही येतो.