चौथ्या अर्जावरचा शेरा

बदलीचा तिसरा अर्जही परत आला. डॉक्टरसाहेबांच्या शेऱ्यात पुन्हा तोच शब्द होता, इनडिस्पेन्सेबल.

दोंडाईच्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात कुंदाबाई तीन वर्षं कंपाउंडर होत्या. त्यांची आठ वर्षांची लेक जळगावजवळ असोद्याला आजीपाशी वाढत होती. जळगावकडे बदली झाली असती, तर ती रोज दिसली असती.

कागद घेऊन त्या चुडामण नानांकडे गेल्या. निवृत्त मास्तर असलेले नाना ओट्यावर पोरांना इंग्रजी शिकवत.

“नाना, हे कौतुक म्हणायचं की शिक्षा?”

नानांनी चष्मा पुसला. “तू औषध मोजून वाटतेस ना? लॅटिनमध्ये मोजून वाटण्याला जो शब्द होता, त्याच घरातला हा. डिस्पेन्सरीही तिथलीच. पुढं चर्चचे लोक नियमातून सूट द्यायला लागले, तेही एक वाटणंच. शब्दाच्या सुरुवातीचा ‘इन’ म्हणजे नाही. ज्या नियमातून कुणालाच सूट नाही, त्याला आधी हा शब्द लावायचे. माणसांना लावू लागले ते नंतर.”

“म्हणजे मला सूट नाही.”

“आता अर्थ एवढाच, की तुझ्यावाचून अडतं. पण अडतं कशानं, ते सांग.”

कुंदाबाईंनी दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाचं सांगितलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ओलीनं केव्हाच गळल्या होत्या. बुचाच्या रंगावरून त्या औषध ओळखत, आणि ती खूण दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

“मग कुलूप तूच लावलंस की, बाई,” नाना म्हणाले.

महिनाभर खपून कुंदाबाईंनी साठ्याच्या वहीशी ताडून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. सातवी शिकलेल्या आया भागाबाईला पुड्या बांधायला शिकवलं.

“आते माले बी बठ्ठं समजस, अक्का,” सगळ्या बाटल्यांवरून बोट फिरवत भागाबाई म्हणाली. “आते जा तुम्ही.”

चौथा अर्ज हातात घेऊन डॉक्टरसाहेबांनी कपाट उघडलं. रांगेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून वाचल्या.

“आणि भागाबाईला महिन्यात तयार केलंत? अशा बाईला मी सोडू कसा?”

त्यांनी खुर्चीवर बसून तोच शब्द लिहिला.

संध्याकाळी कुंदाबाईंनी पेटीतून दोरा काढला. दिवाळीत लेकीची उंची मोजून त्याला गाठ मारली होती. मागचे दोन फ्रॉक तिला आखूड झाले होते. या वेळी शिवायला घेतलेला फ्रॉक पुढं उसवून लांब करता यावा म्हणून त्यांनी खालची चार बोटं कापड आत दुमडलं आणि टाके घातले. मग ते टाके काढून सहा बोटं दुमडलं.